मिक्सरमधून रेकॉर्डरमध्ये आवाज घेताना

आवाज फाटतोय म्हणजे बहुतेक तुम्ही मिक्सरचं लाइन आउट रेकॉर्डरच्या माइक इनपुटात घातलंय. लाइनचा सिग्नल माइकपेक्षा साधारण ४० डेसिबलने तगडा असतो. मग रेकॉर्डिंग लेव्हल कितीही खाली आणा, तो आत शिरतानाच फाटलेला असतो. रेकॉर्डरला लाइन इन असेल तर तेच वापरा. नसेल तर अ‍ॅटेन्युएटरवाली केबल घ्या, म्हणजे सिग्नल कमी करणारी. आणि फँटम पॉवर (रेकॉर्डर माइकला केबलमधून देतो ती वीज) बंद. हे आधी, केबल नंतर.

केबलचा एक सापळा मला फार उशिरा कळला. मिक्सरचं बॅलन्स्ड मोनो आउटपुट (एकच आवाज दोन तारांवर, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा) साध्या स्टिरिओ केबलने रेकॉर्डरच्या मिनी जॅकमध्ये घातलं, की डावीकडे सिग्नल आणि उजवीकडे त्याचाच उलटा सिग्नल जातो. हेडफोनवर जरा विचित्र, पण चालण्याजोगं वाटतं. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावलं की दोन्ही बाजू एकत्र येऊन एकमेकींना खोडतात आणि सगळं गायब! अख्खी मैफल गेली म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो होतो. एडिटिंगमध्ये एक बाजू उलटवली तेव्हा परत आली.

ऑपरेटरशी गोड बोलून मेन आउटऐवजी (ते हॉलच्या स्पीकरना जातं) ऑक्स सेंड, म्हणजे मिक्सरचं वेगळ्या मिक्सचं जादा आउटपुट, मागा. छोट्या हॉलमध्ये ड्रम्स तसेच दणदणीत ऐकू येतात, म्हणून मेन मिक्समध्ये ते जवळपास नसतातच आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता गायक उरतो. ऑक्सवर तोल वेगळा ठेवता येतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर घ्या (रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये असतं), सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा; शून्य ही फाटण्याची हद्द. साउंडचेकला दबकत वाजवणारे कार्यक्रमात हमखास चढतात. घूंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.