प्रिंटरचं हेड बंद, वॉरंटी नाकारली: ग्राहक म्हणून दाद मागता येईल का?

प्रश्न: गुहागर तालुक्यात माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो ही कामं मी आणि बायको मिळून करतो. मार्चमध्ये चिपळूणहून १७,५०० रुपयांना इंक टँक प्रिंटर घेतला. बिल दुकानाच्या नावावर आहे. ऑगस्टपासून मजेंटा (गडद गुलाबी रंग) उठतच नाही, फोटो हिरवट येतात. सर्व्हिस सेंटरवाले तोंडी सांगतात, ‘दमट हवा आणि बाहेरची शाई, वॉरंटीत बसत नाही’, आणि नव्या हेडचे (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाचे) ६,२०० रुपये मागतात. लोकल शाई मी एकदाच भरली, तीही फक्त काळी. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे जा. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, प्रिंटर बाहेर कोणाकडून उघडून घेऊ नका. सिरिंजने हेड धुणं, पुन्हा पुन्हा पॉवर क्लीनिंग (प्रिंटरची स्वतःची जोरदार सफाई) मारणं बंद करा. त्यात शाई जाते आणि पुरावाही. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो (फी मात्र आधी तुम्हालाच भरावी लागते). उघडलेल्या यंत्रावर ‘बिघाड तुम्हीच केलात’ असं म्हणायला समोरचा मोकळा.

आजच नोझल चेकचं पान, म्हणजे हेडच्या छिद्रांतून प्रत्येक रंग नीट येतो का ते दाखवणारं चाचणीचं पान, छापा. मजेंटाच्या रेघा गायब आणि बाकीचे तीन रंग अखंड असतील, तर या कागदाइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. त्यावर तारीख घाला. छापलेल्या पानांचा आकडाही काढून ठेवा. मॉडेलनुसार तो त्याच पानावर किंवा सेटिंगमध्ये मिळतो. वॉरंटी बहुधा ‘१ वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते’ अशी असते आणि झेरॉक्सच्या दुकानात पानं वर्षाच्या आधी संपतात. आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर स्पष्ट सांगतो, प्रकरण फार लंगडं होतं.

आता ‘दुकानासाठी घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेप. तो हमखास येणार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधून व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे. पण केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात टाइपरायटरचंच उदाहरण घेतलं होतं: दुसऱ्यांचं टायपिंग पैसे घेऊन पण स्वतः करणारा ग्राहकच राहतो. टाइपरायटरच्या जागी तुमचा प्रिंटर ठेवा. मात्र ‘हे यंत्र मी व माझी पत्नी स्वतः चालवतो, कुटुंबाचं पोट यावरच आहे’ हे वाक्य तक्रारीत आणि प्रतिज्ञापत्रातही हवंच. ते राहून गेलं की चांगली तक्रार फुकट जाते.

नकाराच्या कारणांत दम किती? दमट हवेने कागद सादळतो, दोन-दोन पानं ओढली जातात, खाऱ्या वाऱ्याने संपर्कबिंदू गंजतात. नोझल बुजतं ते शाई वाळल्याने किंवा नळीत हवा शिरल्याने. दमट हवेत शाई लवकर नव्हे, उशिरा वाळते. पण माहितीपुस्तिका पाहा. तिच्यात साधारण २० ते ८० टक्के आर्द्रतेची मर्यादा असते आणि आपल्याकडे जुलैत ती कुठल्या कुठे जाते. कंपनी तेच पान पुढे करेल. त्यावर विचारा: चिपळुणात यंत्र विकताना ही अट ग्राहकाला सांगितली होती का?

लोकल शाई लपवू नका. काळ्या शाईची वाट वेगळी, मजेंटाची वेगळी, हा तुमचा मुद्दा. तो अभेद्य नाही, कारण हेड पुसणारी पट्टी सगळ्याच रंगांवरून फिरते. तरी बिघाड नेमका त्याच शाईने झाला हे दाखवायची जबाबदारी वॉरंटी नाकारणाऱ्यावर टाकता येते. मजेंटाच्या मूळ बाटल्यांची बिलं असतील तर जपा.

तोंडी नकाराला किंमत नाही. जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) कारण लिहून मागा. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज तुम्ही अमुक कारणाने वॉरंटी नाकारली, चूक असल्यास ७ दिवसांत कळवा.’ यंत्र चिपळूणला न्यायचं झालंच तर ट्रान्सपोर्ट लॉक (असल्यास, नेताना शाईची वाट बंद करणारी कळ) लावा आणि मांडीवर आडवं घेऊ नका. टाकीतली शाई आत सांडली की नवा वाद. त्याआधी वॉरंटीत घरपोच सेवा आहे का तेही वाचा.

मग विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, तिघांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तुम्ही राहता तो जिल्हा चालतो, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

मागणी मोफत दुरुस्तीची, ती न झाल्यास बदली यंत्राची किंवा पैसे परत मिळण्याची ठेवा. बुडालेल्या कमाईसाठी रोजची वही लागेल. तोवर फोटो बाहेरून छापून आणत असाल, तर त्या प्रत्येक खेपेची पावती घ्या.