घाटात गाडी लागते का त्याला?

ताई, कराडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला आहे, केदारनाथकडच्या हेलिकॉप्टर रुग्णसेवेचे व्हिडिओ बघून ‘फ्लाइट नर्सच होणार’ म्हणून हटून बसलाय. वडिलांचा प्रश्न, ‘मुलगा नर्स झाला, हे पाहुण्यांना सांगायचं कसं?’ आणि सहा महिन्यांच्या ‘फ्लाइट नर्सिंग’ कोर्सची जाहिरात आलीय, पैसे भरावेत का, असं तुम्ही विचारता.

आधी पैशाचं: भरू नका. बारावीनंतर थेट फ्लाइट नर्स होता येत नाही. आधी राज्याची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी, मग चार वर्षांची पदवी, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. त्यानंतर आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत निदान तीन वर्षं घासून काम. हेलिकॉप्टरचं नाव त्याच्यापुढे.

एवढं का, ते सांगते. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोप कानाला लावून उपयोग नसतो. छाती हलतेय का, मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ कशी चाललीय, यावरून श्वास ओळखायचा. वर गेलं की हवा प्रसरण पावते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा फुगा फुगतो, म्हणून त्याचा दाब बघत राहावं लागतं. छातीत हवा कोंडलेली असेल, तर उडण्याआधीच ती काढायची सोय करावी लागते. जागा इतकी अपुरी की पेशंटच्या पायापर्यंत हात पोचेलच असं नाही. वर मदतीला सिनियर नाही. हे सगळं जमिनीवर हातात बसलेलं नसेल, तर वर शिकायला वेळ नसतो.

अमेरिकेत ही सेवा जुनी आहे. डेन्व्हरच्या सेंट अँथनी हॉस्पिटलने १९७२ मध्ये ती सुरू केली. तिथे बहुतेक ठिकाणी पायलट, नर्स आणि पॅरामेडिक अशी तिघांची टीम असते आणि नर्ससाठी ‘सीएफआरएन’ नावाची वेगळी परीक्षा आहे. हवामान वाईट वाटलं, तर नर्ससुद्धा ‘नको’ म्हणू शकते. जायला तिघांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो. मला या कामातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. नुकती पदवी घेतलेल्या बावीस वर्षांच्या पोराला तो नकार देता येईल का, हा वेगळाच प्रश्न.

आपल्याकडे ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये तेच हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना अपघातग्रस्त झालं. आतले तिघे सुखरूप राहिले, पण ही बातमी मुलाला वाचायला द्या, लपवू नका. भारतात अशा जागा अजून मोजक्याच आहेत. एअर अँब्युलन्सचं बरंचसं काम छोट्या विमानातून, एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट नेण्याचं असतं. म्हणून मुलाला एकच विचारा: हेलिकॉप्टर कधीच मिळालं नाही, तरी आयसीयूतली नोकरी आवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला नर्सिंग नकोय, हेलिकॉप्टर हवंय. त्याचे रस्ते वेगळे.

आणि वडिलांना सांगा, वॉर्डात पुरुष नर्सला ‘ब्रदर’ म्हणतात. एम्समध्ये पदाचं नाव ‘नर्सिंग ऑफिसर’ आहे, त्यासाठी ‘नॉरसेट’ ही देशपातळीवरची परीक्षा असते. पाहुण्यांना तेवढं पुरेल.

जाता जाता एक घरगुती चाचणी, कारण हलत्या हेलिकॉप्टरमध्येही मॉनिटर वाचावाच लागतो. कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाताना त्याला मागच्या सीटवर बसवा आणि मोबाइलवर बारीक अक्षरातलं काहीतरी वाचायला सांगा. घाट लागला आणि मळमळलं, तर हसू नका. पण मला कळवा.