किटण खरवडण्याआधी हिरड्या पाहा

तुमच्या चार वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्रीच्या वरच्या दाढांवर तपकिरी थर चढला आहे, तोंडाला वास येतो आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऑनलाइन मिळणाऱ्या स्टीलच्या आकडीने हा थर घरीच काढावा का, ग्रूमिंगवाला भूल न देता दात साफ करून देतो म्हणतो ते करून घ्यावे का, आणि मटणाची नळी चघळायला दिली तर थर आपोआप निघेल का. तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. कारणे मात्र सविस्तर सांगतो, कारण ती नीट कळली की पुढे रोज काय करायचे हेही कळते.

दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा एक मऊ, चिकट थर पुन्हा धरू लागतो. तो बोटानेही पुसला जातो. पण तो तसाच राहिला, तर लाळेतील क्षार त्यात मुरून दोन-तीन दिवसांत त्याचे किटण व्हायला सुरुवात होते. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते; त्यामुळे त्यांचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण किटण भराभर चढते. ते सगळ्यात आधी वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या बाजूस दिसते, कारण लालाग्रंथीची नळी त्याच सुमारास गालाच्या आत उघडते. उजेडात बसून तिचा ओठ मागे सरकवा आणि किटणापेक्षा हिरडीची कड पाहा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते आणि दाताला घट्ट बिलगलेली असते. दाताच्या कडेने लाल रेघ दिसत असेल, हिरडी फुगलेली असेल किंवा हलक्या स्पर्शानेही रक्त येत असेल, तर खरा आजार तिथे आहे. हिरडीची सूज या टप्प्यावर पूर्ण बरी होऊ शकते. दाताभोवतीचे हाड झिजू लागले की ते सहसा परत भरून येत नाही.

आकडीने खरवडल्यास दिसणारे किटण निघते आणि काम झाल्याचे समाधान मिळते, पण उपद्रव करणारा थर हिरडीच्या खाली असतो आणि तो तसाच राहतो. शिवाय दाताच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात, त्यामुळे पुढचे किटण आणखी लवकर धरते. म्हणूनच दवाखान्यात खरवडल्यानंतर दातांना पॉलिश करतात. कुत्र्याने ऐन वेळी मान झटकली तर हिरडी फाटते ते वेगळेच. भूल न देता केलेल्या सफाईलाही हेच सगळे आक्षेप लागू होतात, आणि दात पांढरे दिसू लागल्यामुळे मालक निर्धास्त होतो हा त्यातला सर्वांत मोठा तोटा आहे.

भुलेची भीती मला समजते, विशेषतः तीन-चार किलोंच्या जिवाच्या बाबतीत. त्यासाठी आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका दबण्याची तक्रार आढळते. तिला हंस ओरडल्यासारखा कोरडा खोकला येत असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. श्वासनलिकेत नळी घालून भूल देणार का, हिरडीच्या खालचा भाग साफ करणार का, दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. एक्स-रेची सोय सगळीकडे नसते, पण जिथे आहे तिथे जाणे चांगले, कारण दाताचे मूळ आणि त्याभोवतीचे हाड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायला द्यायचे हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. लहान चणीच्या कुत्र्याला फार वेळ उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर उतरू शकते.

हा खटाटोप लहान जातींसाठी अधिक महत्त्वाचा आहे. प्रौढ कुत्र्याला 42 दात असतात, मग ते सेंट बर्नार्ड असो वा पॉमेरेनियन. लहानशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात आणि फटींत अन्न अडकते. त्यातच खालच्या मोठ्या दाढेची मुळे जबड्याच्या उंचीचा बराच भाग व्यापतात, त्यामुळे तिथले हाड झिजल्यास लहान कुत्र्याचा जबडा साध्या धक्क्यानेही मोडू शकतो.

मटणाच्या नळीबद्दल थोडक्यात: शिजवलेल्या हाडाच्या टोकदार फोडी होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात, आणि कठीण हाड चावताना वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. याकच्या दुधाची चुर्पी (वाळवलेले कडक चीज) आणि हरणाची शिंगे यांनाही हेच लागू आहे. ज्या वस्तूवर नख दाबल्यावर जराही खूण उमटत नाही, ती चघळायला देऊ नये.

डॉक्टरांनी सफाई केल्यानंतर आणि हिरड्या शांत झाल्यानंतर ब्रश सुरू करावा. दुखणाऱ्या हिरड्यांवर ब्रश फिरवला तर तिला त्याची कायमची धास्ती बसेल. पहिले काही दिवस कुत्र्यांसाठीची पेस्ट फक्त बोटावरून चाटू द्यावी, मग ओठ उचलून बोट दातांवरून फिरवावे, आणि ती स्वस्थ राहू लागली की लहान बाळांचा मऊ ब्रश हातात घ्यावा. तिला मांडीवर, पाठ तुमच्या पोटाला टेकेल अशी बसवावी. तोंड उघडण्याची गरज नाही. ओठ वर करून ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरावा आणि लहान गोल फिरवावा. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, म्हणून आपला वेळ बाहेरच्या बाजूला, त्यातही सुळे आणि मागच्या दाढांना द्यावा. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो, पण तो रोज द्यायला हवा; रविवारच्या रविवारी घासणाऱ्याच्या ब्रशाला तोवर किटणच लागते.

माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रे ती गिळते, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेल्या झायलिटॉलने त्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते, यकृतालाही इजा होऊ शकते. हळद-खोबरेल तेलाने किटण निघत नाही आणि लवंगेच्या तेलाच्या वाटेला जाऊ नये. दूध-पोळी बंद करून कोरडे खाद्य दिले की दात आपोआप घासले जातात, हीसुद्धा भाबडी समजूत आहे. साधा दाणा दात लागताच फुटतो. दातांसाठीचे खास खाद्य किंवा चघळकांड्या घ्यायच्या असतील तर अमेरिकेतील व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर पाकिटावर आहे का ते पाहावे. त्या ब्रशाच्या जोडीला ठीक आहेत, ब्रशाऐवजी नाहीत.

डोळ्याखाली सूज, एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, सतत शिंका किंवा नाकातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर ब्रशाचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

राहता राहिला प्रश्न तुमच्याकडे आलेल्या पाच महिन्यांच्या पिल्लाचा. त्याला चाटण्याचा टप्पा आजपासूनच सुरू करा, कारण या वयात सवय लवकर लागते. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर सुळ्यांकडे नीट पाहा. कायमच्या सुळ्याला खेटून दुधाचा सुळा तसाच उभा असेल तर तो डॉक्टरांना दाखवून काढून घ्यावा. नसबंदी त्याच सुमारास करायची असेल, तर डॉक्टरांना विचारून दोन्ही कामे एकाच भुलेत उरकता येतात.