मुंबईहून क्रूझ सुटताना काय बघावं? त्यासाठी बाल्कनीची केबिन घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आईवडिलांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जाताय, बोट बंदरातून सुटताना काय बघण्यासारखं असतं आणि बाल्कनीची केबिन घ्यावी का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घेऊ नका. सुटताना बघायचं म्हणून तर मुळीच घेऊ नका. बाल्कनी एकाच बाजूला उघडते आणि मुंबईचं बंदर दोन्ही बाजूंना आहे.

एवढ्या ठामपणे सांगायला कारण आहे. माझे वडील, अण्णा, मुंबई बंदरात टगवर होते. खलाशी म्हणून लागले, सारंग, म्हणजे टगचे प्रमुख, होऊन निवृत्त झाले. मोठी बोट धक्क्यापासून ओढून काढायची, तिचं तोंड फिरवायचं आणि दोर सोडून द्यायचा, हे काम त्यांनी 31 वर्षं केलं. बोट पुढे निघून जायची, हे मागे फिरायचे. त्या बोटीच्या कठड्याला टेकून स्वतःचं बंदर कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही दोघा भावंडांनी क्रूझचा घाट घातला.

बुकिंग दादाने केलं. डाव्या बाजूची बाल्कनी, चांगले जास्तीचे पैसे मोजून. का, तर "समुद्र दिसेल." मी म्हटलं, अण्णांना समुद्र नको आहे, त्यांना मुंबई सुटताना बघायची आहे. त्यावर तो म्हणाला, "बंदरात काय बघायचं? क्रेन, गोण्या आणि चहाच्या रंगाचं पाणी." वडाळ्याच्या पोर्टच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या माणसाचं हे वाक्य. ते मला अजून लागतं.

बॅलार्ड पिअरला चढलो. लाइफ जॅकेटची कवायत झाली. ती सगळ्यांना सक्तीची असते आणि ती करावीच. कवायत संपली तशी दादाने सगळ्यांना जेवणाच्या हॉलकडे वळवलं. चहा-नाश्ता मांडलेला, पैसे भरलेत, गर्दी व्हायच्या आत खाऊन घेऊ. अण्णा काही बोलले नाहीत. ताटली घेऊन रांगेत उभे राहिले. तेवढ्यात पायाखाली बारीक थरथर सुरू झाली. अण्णांनी ताटली तशीच टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा हात धरला आणि जिन्याने वर नेलं. दादा मागून हाका मारत होता.

वरच्या डेकवर अगदी मागे जाऊन उभे राहिलो. खाली धक्क्यावरच्या माणसांनी दोराचे फास खुंट्यांवरून काढले, दोर पाण्यात पडले आणि बोटीने ते ओढून घेतले. बोट आणि धक्का यांच्यामधलं पाणी आधी हातभर दिसत होतं, मग खोलीएवढं झालं. तळाचा गाळ ढवळून वर येत होता. पाणी चहाच्या रंगाचं होतं, दादाचं तेवढं खरं. पण तो रंग घाणीचा नाही, गाळाचा आहे. ठाण्याच्या, पनवेलच्या, धरमतरच्या खाड्यांतून ओहोटीबरोबर गाळ येतो, म्हणूनच बोटींची वाट सतत उपसत राहावी लागते. (घाणही आहे, नाही असं नाही. पण रंग तिचा नाही.)

टग दोर ताणून बोटीची शेपटी फिरवत होता. अण्णा कठड्यावर वाकून बघत होते आणि तोंडातल्या तोंडात "आर्या... आर्या..." म्हणत होते. आर्या म्हणजे दोर ढिला सोड, हबेस म्हणजे वर खेच. गोदीतली बोली आहे ही. टगवरच्या माणसाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग टगने काळ्या धुराचा एक भपका सोडला, ताठ दोर एकदम सैल पडला, पाण्यावर सपकन आपटला आणि टग बाजूला झाला. अण्णा म्हणाले, "घाई करतो पोरगा. पण सोडलं बरोबर."

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं पहिलं उत्तर हेच आहे. टग सुटताना बघा. लोक तेव्हा केबिनमध्ये बॅगा उघडत असतात.

पुढचं दृश्य समजायला एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मुंबई बंदर शहराच्या पूर्वेला आहे. बोट संध्याकाळी दक्षिणेकडे निघते, तेव्हा उजव्या हाताला शहर आणि शहरामागे मावळतीचा सूर्य. गेटवेचं तोंड पूर्वेकडे, म्हणजे तुम्हाला दिसते ती त्याची सावलीतली बाजू. गेटवे आणि ताज उजेडात न्हालेले दिसतील अशी आशा धरून गेलात तर नाराज व्हाल. दिसतात त्या आकृत्या, पण काय आकृत्या! ताजचा घुमट 1903 चा, गेटवे 1924 चा, आणि जुन्या मुंबईला हीच बाजू पुढची होती, परदेशातून येणारा माणूस इकडूनच यायचा. फ्रंटियर मेल एकेकाळी बॅलार्ड पिअरवरूनच सुटायची, बोटीतून उतरायचं की समोर पेशावरची गाडी. 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी बाहेर पडली ती गेटवेतूनच.

गेटवेच्या आधी उजवीकडे नौदलाची गोदी लागते. तिचे फोटो काढू नका, कोणी अडवलं नाही तरी काढू नका. नुसतं बघा. लवजी वाडियांनी 1730 च्या दशकात तिथे जहाजं बांधायला घेतली. 1817 साली मुंबईत बांधलेलं त्रिंकोमाली हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

आता उजवीकडे सगळे मोबाइल उंच करून उभे असतात तेव्हा तुम्ही डावीकडे या. मावळतीचं ऊन थेट तिकडे पडलेलं असतं. तेलाच्या जेट्ट्यांचं जवाहर द्वीप, त्यामागे घारापुरीचा हिरवा डोंगर, न्हावा-शेव्याच्या क्रेनांची रांग, उरणचा द्रोणागिरी, आणि पार मागे उत्तरेला 2024 च्या जानेवारीत सुरू झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. दादाच्या त्या क्रेन अशा उन्हात बघाव्यात. डिसेंबरात धुरकट असतं, तेव्हा सगळंच मिळेल असं नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, हवा जास्त स्वच्छ मिळते.

याच बाजूला रेवसच्या दिशेने काशाचा खडक आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट तिथे बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. अण्णांच्या आत्याचे यजमान त्यात होते. अण्णांनी टोपी काढून तिकडे हात जोडले. शेजारी सेल्फी काढणारी मुलं होती, त्यांनी विचारलं, "काका, तिकडे देऊळ आहे का?" अण्णांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली आणि ती मुलं फोन खिशात ठेवून ऐकत राहिली.

मग पुन्हा उजवीकडे. ससून डॉकवर परतणाऱ्या कोळ्यांच्या होड्या, कुलाब्याचं टोक, आणि त्यापुढे समुद्रात एकटा उभा असलेला प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ. 1875 सालचा दगडी मनोरा. ओहोटी असेल तर त्याच्या पायाशी काळे खडक उघडे पडलेले दिसतात. इथपर्यंत साधारण तासभर लागतो. प्रॉन्ग्स मागे पडला की शहर पहिल्यांदाच पश्चिमेच्या बाजूने दिसतं, नरिमन पॉइंट, मलबार हिल, एकेक दिवा लागत जाणारं. हे बघायला बोटीच्या शेपटाशीच उभं राहायला हवं. आणि यानंतर पायलट उतरतो. बंदरातून बोट बाहेर काढून देणारा हा माणूस चालत्या बोटीच्या अंगाला लावलेल्या दोराच्या शिडीवरून खाली छोट्या लाँचवर उतरतो. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं तो लाँचवर पाय टेकेपर्यंत.

त्यानंतर अंधार. डावीकडे खांदेरीचा दिवा दिसतो तेवढाच. शिवरायांनी 1679 मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला, त्यांच्या आरमाराचा मायनाक भंडारी समोर इंग्रज आणि सिद्दी असताना तो लढवत राहिला, आणि 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या किल्ल्यांत हाही आहे. आईवडिलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तो नुसता लुकलुकणारा ठिपका आहे.

आम्ही खाली गेलो तेव्हा दादा म्हणाला, "केबिनमधूनही दिसलं असतं की." त्यावरून आमचं गोव्यापर्यंत वाजलं आणि नंतरही वाजतंच आहे. माझं म्हणणं तेच आहे. डाव्या बाल्कनीतून गोदी, गेटवे, ससून डॉक, प्रॉन्ग्स यातलं एकही दिसलं नसतं. म्हातारी माणसं कशासाठी आली आहेत ते त्यांना विचारा, आपण परस्पर ठरवू नका. ताटलीत काय आहे ते तासाभराने पण तिथेच असतं.

काही गोष्टी राहिल्या. आईवडिलांपैकी कोणाचे गुडघे दुखत असतील, तासभर उभं राहवत नसेल, तर बाल्कनीला अर्थ आहे, मग उजवी बाजू मागा. पण सुरुवातीला बोट वळवतात, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत डावं-उजवं बदललेलं वाटेल, घाबरू नका. वर वारा फार असतो, कानाला बांधायला काहीतरी घ्या. तिकिटावरच्या वेळेला बोट सुटेलच असं नाही, पण तुम्ही अर्धा तास आधी कठड्याशी असा. आणि गेटवेचा उजेडातला फोटो हवाच असेल तर तो परतीच्या सकाळी मिळतो, सूर्य तेव्हा त्याच्या तोंडावर असतो.

यंदा नोव्हेंबरात आम्ही पुन्हा जातोय. या वेळी बुकिंग मी केलंय. खिडकी नसलेली आतली केबिन, सगळ्यात स्वस्तातली. दादाला कळवलं आहे, कवायत झाली की वरच्या डेकवर, मागे, अण्णांच्या शेजारी.