बोट लागताच थांबणारी टेबल सॉ घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

आपण विचारले आहे की, पाते आपोआप थांबवणारी टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची विजेवरची करवत) साध्या यंत्रापेक्षा बरीच महाग असताना छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्याने ती घ्यावी का. परवडत असेल तर जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र ती कशापासून वाचवते आणि कशापासून नाही, हे आधी समजून घ्यावे.

पदार्थविज्ञान शिकलेले अमेरिकन पेटंट वकील स्टीव्हन गॅस यांना ही कल्पना 1999 मध्ये सुचली आणि 2004 पासून ‘सॉस्टॉप’ या नावाने अशा करवती विकल्या जाऊ लागल्या. फिरत्या पात्यावर एक क्षीण विद्युत संकेत सतत सोडलेला असतो. कोरड्या लाकडाने त्यात फारसा फरक पडत नाही, पण माणसाचे शरीर विद्युतवाहक असल्याने त्वचा टेकताच तो संकेत घसरतो, त्यासरशी स्प्रिंग सुटून ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत रुततो आणि सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबलेले पाते स्वतःच्याच वेगाच्या झटक्याने टेबलाखाली जाते. हात सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगाने पुढे सरकत असेल, तर तेवढ्या वेळात तो जेमतेम दीड मिलिमीटर पुढे जातो; म्हणूनच बोट जाण्याऐवजी ओरखड्यावर निभावते.

हा हिशेब किकबॅकमध्ये मात्र बिघडतो. पात्याच्या मागच्या बाजूला लाकूड अडकले की ते उसळून अंगावर येते आणि त्याबरोबर हातही पात्याकडे ओढला जाऊ शकतो; तो वेग सेकंदाला 3 मीटर धरला, तर त्याच 5 मिलिसेकंदांत हात दीड सेंटिमीटर सरकतो. शिवाय उडालेल्या फळीला हा ब्रेक अडवत नाही. माझा अपघात असाच झाला. खाच पाडण्यासाठी पात्यामागची पट्टी, जी चिरलेले लाकूड पात्यावर आवळू देत नाही, काढली होती आणि पुढची फळी चिरताना ती परत बसवण्याचा मी कंटाळा केला. अंगठ्याच्या टोकाला टाके पडले, पण खरा भुर्दंड नंतरचा होता: कित्येक आठवडे पकड नव्हती, हातातली कामे ज्याची त्याला परत द्यावी लागली आणि टोकाची बधिरता अजून गेलेली नाही. करवतीच्या किमतीची तुलना दुसऱ्या करवतीशी करताना हा खर्च कोणी धरत नाही. मीही धरला नव्हता.

ब्रेक एकदा सुटला की ठोकळा आणि स्प्रिंग असलेले त्याचे कार्ट्रिज बदलावे लागते आणि पातेही बहुधा निकामी होते. ओले लाकूड किंवा पात्याला लागलेला धातू यांमुळेही तो सुटू शकतो. एवढी किंमत का, याचे एक उत्तर पेटंटमध्ये आहे: बॉशने पात्याला धक्का न लावता ते खाली खेचणारी ‘रिॲक्स’ ही करवत आणली होती, परंतु पेटंटच्या वादात 2017 मध्ये तिच्या अमेरिकेतील आयातीवर बंदी आली. त्याच देशात टेबल सॉमुळे दररोज सुमारे 10 जणांना बोट किंवा त्याचा भाग गमवावा लागतो, असा तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे.

तूर्त ऐपत नसेल, तर पात्याबरोबर वरखाली होणारी रायविंग नाइफ (पात्यामागची तशीच पट्टी) असलेलीच करवत निवडावी, कारण ती खाच पाडतानाही काढावी लागत नाही. पुश स्टिक, म्हणजे लाकूड पुढे ढकलायची काठी, फेन्सजवळ (लाकूड जिला टेकवून सरळ सरकवतात त्या आधारपट्टीजवळ), हाताशी टांगून ठेवावी. कपाटातली पुश स्टिक कोणी उठून आणत नाही.