थर हुकावर, दोष जॉबवर

प्रश्न : उद्यमबागेत आमचं पावडर कोटिंगचं (विजेने भारलेली रंगाची पावडर धातूवर फवारून भट्टीत भाजायचं) छोटं जॉबवर्क आहे. हुक आणि रॅकवर पावडरचे थर चढलेत. फवारणीच्या गनचं व्होल्टेज वाढवूनही जॉबच्या, म्हणजे हुकावर टांगलेल्या वस्तूच्या, कोपऱ्यांत पावडर धरत नाही. साचलेला थर काढायला हुक शेडमागे पेटवून घेतो. चालेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : पेटवणं आजच थांबवा. धूर विषारी असतो, आणि आच कमी-जास्त लागून स्प्रिंगच्या हुकांचा ताण जातो. व्होल्टेजही खाली आणा. जास्त व्होल्टेजने कोपऱ्यांत पावडर आणखीच कमी शिरते.

मूळ दुखणं अर्थिंगचं आहे : जॉब हुकामार्फत जमिनीशी जोडलेला हवा. भाजलेल्या पावडरीतून वीज जात नाही. एका फेरीत ६०-८० मायक्रॉन थर धरला, तर चार-पाच फेऱ्यांत हुकावर पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे कवच तयार होतं. मग जॉबवरचा चार्ज निघून जात नाही, नवी पावडर ढकलली जाते, आणि ठिणगी पडून फवारणीच्या बूथमध्ये आग लागायचा धोका राहतो.

गन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने (मोठा रोध मोजायचं यंत्र) टांगलेल्या, कोट न केलेल्या जॉबपासून अर्थपर्यंत रोध मोजा. तो १ मेगाओहमच्या आत हवा. मेगरची सुई हुकावर खुपसू नका. ती थर फोडून आत जाते आणि आकडा खोटाच चांगला येतो.

रोज सगळा रॅक चकचकीत करायची गरज नाही. दोन जागा मात्र उघड्या लोखंडाच्या हव्यात : जॉब टेकतो ती आणि हुक कन्व्हेयरला अडकतो ती. तिथे कानस मारा. नवे हुक करताना चौकोनी सळईची धार वर ठेवा. जॉबच्या वजनाने ती थरात रुतते. हलक्या जॉबना साधी तार वापरा आणि एका फेरीनंतर भंगारात टाका.

बाकीच्या रॅकवर पोपडे सुटायच्या आत पूर्ण सफाई करा, नाहीतर ते ओल्या पावडरीवर, म्हणजे न भाजलेल्या जॉबवर पडून दाणे उठतात. जाड रॅक धूर जाळणाऱ्या बर्न-ऑफ भट्टीत, साधारण ४०० अंशांवर, बाहेरून करून घ्या. उरलेली राख ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा करून, जाते. जस्ताचा मुलामा असलेले हुक या भट्टीत घालू नका, जस्त ४१९ अंशांना वितळतं. अ‍ॅल्युमिनियमचे हुक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत कधीच नको : धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ब्लास्ट केलेला हुक रात्रीत गंजतो, आणि गंजही अर्थिंग अडवतो. म्हणून लागतील तेवढेच साफ करा आणि त्याच दिवशी लाइनवर चढवा.