शेतीतून बाहेर पडलो, लेक परत जाते म्हणते

पत्र: आम्ही वारली. मूळ पाडा शहापूर तालुक्यात, सध्या कळव्यात राहतो. मी रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगी अकरावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास होऊन बारावीत गेली. तिने कॉम्प्युटर इंजिनीअर व्हावं असं आमच्या मनात आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे राहून आली आणि तेव्हापासून बियाणं, झरे, आजीची गाणी यांच्या वह्या भरत बसते. म्हणते, दापोलीला ॲग्रीला जाईन आणि मग आपल्याच भागात काम करीन. त्या चिखलातून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली. आता लेक परत तिकडेच निघाली. तिला कसं समजवायचं? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेली तिच्या वहीची झेरॉक्स, दोन्ही मी दोनदा वाचली. तिला समजवायची जबाबदारी तुम्ही माझ्यावर टाकलीत, पण वही वाचल्यावर मी तिच्याच बाजूने लिहायला बसले आहे. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

तुमची भीती खरी आहे, हे आधी सांगते. वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरई, खाचरात भात, आणि दिवाळी झाली की कामाच्या शोधात घराला कडी लावून निघायचं, हे तुम्ही लहानपणी पाहिलंय. त्यातून सुटून आलेल्या माणसाला 'मातीची ओढ' वगैरे शब्द ऐकवू नयेत. पण तुमची लेक मजुरीला जाते असं कुठे म्हणाली आहे? तिला आजीला जे येतं ते शिकायचंय, आणि आजीला जे कुणी शिकवलं नाही तेही शिकायचंय. एकीकडे पाडा, दुसरीकडे प्रयोगशाळा, आणि दोन्हीकडची भाषा समजणारं माणूस, ही जागा आपल्या जिल्ह्यात जवळजवळ रिकामी आहे. करिअर म्हणून मला ती भक्कम वाटते.

तिच्या वहीचं एक पान माझ्यासमोर आहे. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेत. भाताचं नाव, मग हळवं (लवकर येणारं), निमगरवं की गरवं (उशिरा येणारं), उताराला चालतं की खाचरालाच, पाणी किती दिवस उभं राहिलं तर सोसतं, दसऱ्याआधी कापणीला येतं की नंतर. कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, 'आजी म्हणते हा पेजेचा, तो भाकरीचा.' खाली उडदाचं बी राखेत कालवून मडक्यात कसं ठेवायचं त्याचं चित्र. वाणांचे गुणधर्म असेच नोंदवायला कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवतात. तिने ते आजीच्या पडवीत बसून, कुणी न सांगता केलंय.

त्या वाणांची नावं मी इथे मुद्दाम छापत नाही. ती तुमच्या पाड्याची आहेत. वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा २००१ साली झाला. त्याखाली शेतकऱ्याला किंवा गावाला आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतं, आणि त्याची फी शेतकऱ्याला पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. म्हणून तिला माझा पहिला सल्ला असा: ही वही इंटरनेटवर टाकायची नाही, कुठल्या संस्थेलाही आत्ता द्यायची नाही. आधी ती पाड्यावर, म्हाताऱ्या माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवायची. ते चुका दुरुस्त करतील, भर घालतील, आणि पुढे ती कुणाला दाखवायची तेही तेच ठरवतील.

वाडा कोलम या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे तो त्या भागाचाच अशी कायदेशीर ओळख, मिळालं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये मिळालं होतं. अशा प्रत्येक मानांकनामागे कुणीतरी चिकाटीने कागद जमवलेले असतात, वाणाचा किंवा कलेचा इतिहास लिहिलेला असतो, हरकतींना उत्तरं दिलेली असतात. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि ते घरच्याच माणसाने केलं तर नावं बरोबर लिहिली जातात.

घाटाच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक असतील. महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या बियाणे बँकेला बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांची साथ मिळाली. राहीबाईंचं ज्ञान त्यांचंच. पण प्रत्येक पाड्यावर अशी एक आजी असते, आणि तिच्याशेजारी वही घेऊन बसणारं कुणी नसतं. तुमच्या सासूबाई की आई, पत्रातून कळलं नाही, पण त्यांच्याशेजारी आता बसलंय कुणीतरी.

वहीचा दुसरा भाग झऱ्यांचा आहे, आणि मला विचाराल तर तिची खरी हुशारी तिथे दिसते. शहापूर तालुक्याला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तानसा, भातसा इथलेच, मुंबई-ठाण्याचे नळ त्यावर वाहतात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर. तिने पाड्याभोवतीचे पाच झरे आणि नदीतले डवरे (पाण्यासाठी खणलेले खड्डे) नकाशावर काढलेत. प्रत्येकापुढे कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं ते लिहिलंय, आणि एका झऱ्यापुढे लिहिलंय, 'वरचं रान तोडल्यावर होळीलाच आटला.' आपला खडक बेसॉल्टचा. भेगाळलेल्या थरातून पाणी मुरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं वाहतं आणि उतारावर बाहेर पडतं. वरचं रान उघडं पडलं की मुरणं कमी होतं. पुण्यात ॲक्वाडॅम ही भूजलाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, तिथे गावपातळीवर झरे मोजायला आणि सांभाळायला शिकवतात. शेतीऐवजी तिचा ओढा पाण्याकडे निघाला तर भूशास्त्रात बीएस्सी, पुढे भूजलात एमएस्सी, आणि मग राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, सल्लागार कंपन्या किंवा पाणलोटाच्या संस्था, असा रस्ता आहे. हे तिला आवर्जून सांगा. बऱ्याच मुलांना हा विषय माहीतच नसतो.

आणि गाणी. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, गाणी तिने उतरवून घेतलीत. तुमच्याकडे लग्नाचा चौक, भिंतीवरचं चित्र, तांदळाच्या पिठाने लिहितात, नवं पीक घरात आलं की आधी कणसरीला मान देतात. म्हणजे भात, पाणी, चित्र आणि गाणं यांची एकच वही होते, आणि तिने ती एकच ठेवली आहे, वेगवेगळी केली नाही. मला ते फार आवडलं. पुढे कधी वाटलं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आहे, पुणे विद्यापीठात मानवशास्त्र आहे. ते पदवीनंतरचं. आत्ता फोनवर आजीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला आणि तारीख घातली तरी पुष्कळ.

आता दापोली. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री चार वर्षांचं आहे. प्रवेश एमएचटी-सीईटीवर, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) किंवा पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) कुठलाही ग्रुप चालतो. म्हणजे तिने सीईटी जोरात दिली तर पीसीएमवर इंजिनीअरिंगचाही दरवाजा उघडा राहतो. निकाल हातात आल्यावर घरात बसून ठरवा, आज भांडू नका. तिथेच वनशास्त्राचीही पदवी आहे, तीही फॉर्ममध्ये भरावी. पदवीनंतर वाणांचंच काम करायचं असेल तर वनस्पती प्रजननशास्त्रात एमएस्सी करावी लागेल. कर्जतला भाताचं जुनं संशोधन केंद्र आहे, ते तिच्या पाड्यापासून फार दूर नाही. नोकरीचं म्हणाल तर एमपीएससीची कृषी सेवा आहे, वनक्षेत्रपालाची परीक्षा आहे, बँकांमध्ये कृषी अधिकाऱ्यांची भरती होते, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पहिला पगार आयटीतल्या मुलीपेक्षा बहुधा कमीच असेल. हे मी लपवणार नाही, तुम्हीही तिच्यापासून लपवू नका.

कागदपत्रांत मात्र एक दिवसही घालवू नका. अनुसूचित जमातीचं वैधता प्रमाणपत्र आत्ताच, बारावी सुरू होतानाच, कॉलेजमार्फत टाका. त्यात जुने पुरावे मागतात, तुमच्या वडिलांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला पाड्यावर दोन-तीन खेपा होतील. प्रवेशाच्या तोंडावर या एका कागदासाठी रडणारी हुशार मुलं मी दरवर्षी पाहते. घरचा सातबारा असेल तर तोही काढून ठेवा, कृषीच्या प्रवेशात त्याचे वाढीव गुण मिळत आले आहेत, त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून खात्री करा. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी, किंवा वसतिगृह नाही मिळालं तर स्वयंम योजनेच्या पैशांसाठी, शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात एकदा स्वतः जाऊन विचारा.

आणि तिच्यासाठी एक अट. जुलैत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी तिला आठ दिवस पाड्यावर पाठवा. वही न घेता. सकाळी सातपासून कंबरेत वाकून, इरलं घेऊन, घरच्या बायकांबरोबर रोपं लावू दे. दिवाळीच्या सुट्टीतली शेती आणि जुलैतली शेती यांत फरक आहे, तो तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरही ती तेच म्हणाली तर तिचं ठरलंय असं समजा. जमलं तर येताना नेरळला सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांचं भाताचं तंत्र दाखवून आणा. गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, चिखलणी नाही, लावणी नाही. चिखलातून बाहेर पडायला वीस वर्षं लागली असं तुम्ही लिहिलंत. भातालाच चिखलातून बाहेर काढता येतं का यावर माणसं काम करताहेत, आणि तुमच्या लेकीला त्यांच्यात जायचंय.

शेवटी एक विचारते. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडात धरल्यावर वाचता आली: 'मी लहान असताना बाबांबरोबर राब भाजायला.' पुढचं लिहिलंच नाहीत. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून जमीन भाजणं; तिच्या वहीत त्याचं पान कोरंच आहे, फक्त मथळा आहे. शेण खाली की पाला खाली, ऐनाच्या फांद्या किती जाडीच्या, वरून माती किती, वारा कुठून असला की कुठल्या कडेने पेटवायचं, हे आजीने सांगितलेलं नाही. बहुधा ते बाप्यांचं काम म्हणून. तुम्हाला ते येतं. या रविवारी सुट्टी असेल तर तेवढं तिला सांगा, ती लिहून घेईल.